पाच फूट बाय दोन फूट

ट्रॉम्बेत व्यायाम हा आधी जागेचा प्रश्न आहे, इच्छेचा त्यानंतर. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला माहूलची, मधोमध डोंगर, आणि त्या डोंगराचा मोठा भाग भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कुंपणाआड. पायथ्याशी तेलशुद्धीकरण कारखाने, खतांचा कारखाना, टाटांचं औष्णिक वीज केंद्र. यातून जी जमीन उरली तिच्यावर कोळीवाडा, चिता कॅम्प, मानखुर्द, पुनर्वसनाच्या उंच इमारती आणि चेंबूरच्या दिशेने सोसायट्या. इथल्या माणसाला डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास भरभर चाला. तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘कुठे?’ हाच.

त्या ‘कुठे’चं एक उत्तर म्हणून हल्ली घराघरांत एका यंत्राची चर्चा होते. त्याचं नाव एलिप्टिकल, आपल्याकडचे दुकानदार त्याला बहुधा क्रॉस ट्रेनर म्हणतात. दोन पॅडल, दोन लांब हँडल, पुढे किंवा मागे झाकलेलं जड चाक. उभं राहून पाय मारायचे, हातही चालवायचे, आणि जागचं हलायचं नाही. टाळेबंदीत बंद झालेल्या महाराष्ट्रातल्या व्यायामशाळा २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. मधल्या सात महिन्यांत घरातच यंत्र असावं हा विचार मध्यमवर्गात पक्का रुजला. त्यातली बरीच यंत्रं आज कपडे वाळत घालायच्या कामी आली आहेत, हेही खरं. पण म्हणून यंत्र वाईट ठरत नाही. ती खरेदी चुकीच्या मापाने झाली होती, एवढंच.

माझं मत आधीच सांगून टाकते. हे यंत्र चांगलं आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर फारच चांगलं. मात्र ते ज्याच्यासाठी घ्यायचं त्याच्या पावलाच्या मापाचं असायला हवं. आणि आपल्या बहुतेक घरांत तो माणूस म्हणजे पन्नाशी ओलांडलेली बाई असते. खरेदीच्या वेळी तिलाच कोणी दुकानात नेत नाही.

जागेची ही टंचाई कशी झाली ते पाहू. ट्रॉम्बेचं आजचं रूप मुख्यतः १९५४ ते १९५६ या तीन वर्षांत ठरलं. १९५४ मध्ये इथे अणुशक्ती आस्थापनेची, म्हणजे आजच्या भाभा केंद्राची, सुरुवात झाली, त्याच सुमारास तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, १९५६ मध्ये टाटांचं वीज केंद्र आलं आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. पुढच्या दशकात खतांचा कारखाना आला. देशाला यातून वीज मिळाली, इंधन मिळालं, खत मिळालं, आणि विज्ञानातली स्वतःची वाट मिळाली. याचा अभिमान ट्रॉम्बेच्या माणसाइतका क्वचितच कोणाला असेल. पण डोंगर आणि किनारा मात्र सामान्य पावलांना बंद झाले. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, जनता कॉलनी ही हजारो कुटुंबांची वस्ती पाडण्यात आली आणि माणसांना चिता कॅम्पात हलवण्यात आलं. त्या वस्तीतल्या जोकिन अर्पुथम यांनी त्याविरुद्ध दिलेल्या लढ्यातूनच पुढे देशभरातल्या झोपडीवासीयांची चळवळ उभी राहिली. २००० साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या हलवाहलवीत ज्यांना खाडीकाठचा छोटा तुकडा मिळाला त्यांची तिसरी पिढी आज त्याच तुकड्यावर एकावर एक मजले चढवून राहते आहे.

अणुशक्तीनगरच्या, म्हणजे अणुकेंद्राच्या कर्मचारी वसाहतीच्या, फाटकाआत चित्र वेगळं आहे. रुंद अंतर्गत रस्ते, सावली, बागा. संध्याकाळी तिथे चालणाऱ्यांची रीघ असते आणि त्यांना घरात यंत्र घ्यायचं फारसं कारण नाही. फाटकाबाहेर शीव-ट्रॉम्बे रस्ता. टँकर, रिक्षा, बस, पदपथावर मांडलेले गाळे, मध्येच उघडं चेंबर. पावसाळ्याचे चार महिने तर पाय कुठे ठेवायचा याचाच विचार करत चालायचं. त्यात भरभर चालणं कसं जमणार?

हा प्रश्न एकट्या ट्रॉम्बेचा नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आणि स्त्रियांत ५७ टक्के. ज्या बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत बसत नाहीत त्यांचीच हालचाल कमी कशी, असं कोणीही विचारेल. घरकामात पाय थकतात, कंबर धरते, पण सलग दहा-पंधरा मिनिटं श्वास वाढेल अशी हालचाल त्यात फार कमी असते. हृदयाला आणि रक्तातल्या साखरेला श्वास वाढवणारी हालचालच जास्त उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते, की प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा.

व्यायाम आणि हृदय यांचा संबंध ज्या अभ्यासाने ठळकपणे पुढे आणला तो मुंबईकरांना लगेच कळेल असा आहे. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दोघांची सामाजिक स्थिती साधारण सारखी. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, आणि झाला तरी उशिरा व सौम्य होता. आपल्याकडे बेस्टची दुमजली बस १९३७ पासून धावली. जुन्या लाल दुमजली बसचा शेवटचा दिवस १५ सप्टेंबर २०२३. तिकिटांची पेटी घेऊन ते अरुंद वळणदार जिने दिवसभर चढणारे कंडक्टर मी लहानपणी पाहिले आहेत. त्यांना कोणी व्यायाम करा असं सांगावं लागलं नसेल. कोळीवाड्यातल्या जुन्या पिढीलाही लागलं नाही. होडी ओढायची, जाळं खेचायचं, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठायचा. आता त्याच घरांतली मुलं कार्यालयात खुर्चीवर बसतात, आणि त्या पिढीतल्या आजीचे गुडघे जिना मोजत वर येतात.

गुडघ्यांसाठीच हे यंत्र निघालं असं म्हटलं तरी चालेल. धावताना पाऊल प्रत्येक वेळी जमिनीवर आदळतं आणि शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट जोर पायावर येतो. लॅरी मिलर या अमेरिकी अभियंत्याने धावणाऱ्या माणसाच्या पावलाची वाट कशी असते याचा अभ्यास केला. ती वाट लंबवर्तुळासारखी दिसते. पावलाला हवेत उचलू न देता त्याच वाटेने फिरवलं तर धावण्याची मेहनत राहील आणि आदळणं जाईल, ही त्यातली कल्पना. प्रिकॉर कंपनीने ती घेऊन १९९५ मध्ये आपलं यंत्र बाजारात आणलं. ‘एलिप्टिकल’ हे नाव त्या लंबवर्तुळावरूनच पडलं.

यंत्राची रचना पाहिली की निवड करणं सोपं जातं, म्हणून जरा जवळून पाहू. पॅडल ज्या लांब दांडीवर बसवलेलं असतं तिचं एक टोक क्रँकला जोडलेलं असतं, ते वर्तुळात फिरतं. दुसरं टोक रुळावरच्या चाकावर पुढे-मागे सरकतं किंवा हँडलला टांगून झुलतं. एक टोक गोल आणि दुसरं जवळजवळ सरळ, त्यामुळे मधल्या बिंदूची वाट लंबवर्तुळ होते. क्रँक पट्ट्याने फ्लायव्हील, म्हणजे ते झाकलेलं जड चाक, फिरवतो. फ्लायव्हीलला अडवायचे दोन मार्ग. स्वस्त यंत्रांत फेल्टचा किंवा रबरी पॅड चाकावर दाबतात. तो झिजतो, कुरकुरतो आणि वर्षा-दीड वर्षात बदलायला येतो. बऱ्या यंत्रांत चुंबक असतात. बटण फिरवलं की आतली केबल चुंबकांची पट्टी फ्लायव्हीलच्या कडेजवळ आणते, पण टेकवत नाही. फिरत्या धातूत चुंबकामुळे विद्युतप्रवाह उठतात, ते चाकाच्या गतीला विरोध करतात आणि तुमची मेहनत उष्णतेत बदलते. हेच एडी करंट. लेऑं फूको या शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये दाखवलेले. स्पर्श नाही म्हणून झीज नाही, आवाज नाही. पाय जोरात मारले की विरोध आपोआप वाढतो. ट्रॉम्बेतल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी अणुकेंद्रात तंत्रज्ञ आहे किंवा होता. त्याला हे एका वाक्यात कळेल. दुकानात त्यानेच विचारावं, की यात घर्षणाचा ब्रेक आहे की चुंबकाचा. घर्षणाचा असेल तर तिथून निघावं.

आता मापं. पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं माप पावलाच्या टापूचं, ज्याला दुकानात स्ट्राइड लेंग्थ म्हणतात. पॅडल पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत किती इंच सरकतं ते. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांत ते बारा-तेरा इंच असतं. त्यावर माणूस चालत नाही, जागच्या जागी उड्या मारल्यासारखा वर-खाली होतो, आणि गुडघा नको इतका वाकतो. पाच फूट उंचीच्या बाईला पंधरा-सोळा इंच पुरतात. साडेपाच फुटांच्या पुढे अठरा इंच हवेत आणि सहा फुटांना वीस. नवरा पावणेसहा फूट आणि बायको पाच फूट असेल तर अठरा इंचांचं घेतलं तरी दोघांचं निभतं, पण आधी तिने त्यावर उभं राहून पाहायला हवं.

दुसरं माप दोन पॅडलमधल्या अंतराचं. ते जितकं जास्त तितके पाय फाकून चालावं लागतं आणि खुब्यावर ताण येतो. दोन्ही पावलं शक्य तितकी जवळ हवीत. हे माप माहितीपत्रकात बहुधा नसतं. टेप घेऊन जावं.

तिसरं माप डोक्यावरचं. पॅडल वर येतं तेव्हा माणूस जमिनीपासून फूट-सव्वा फूट उंच जातो, काही यंत्रांत दीड फूटही. साडेपाच फुटांचा माणूस साडेसहा ते सात फुटांपर्यंत पोचतो. मुंबईच्या इमारतीत छत साधारण नऊ फुटांवर असतं. तेव्हा डोकं छताला लागत नाही, पण पंखा आहे. पंख्याच्या पात्याखाली यंत्र ठेवू नका. हात वर गेला तर काय होईल हे सांगायला नको. पोटमाळा असलेल्या घरात, जिथे खालच्या मजल्याला सात-साडेसात फूटच मिळतात, तिथे हे यंत्र बसणारच नाही.

जमिनीवरचं माप साधारण पाच फूट बाय दोन फूट, आणि चढ-उतार करायला मागे व एका बाजूला दीड-दोन फूट मोकळे. म्हणजे एक दिवाण मावेल इतकी जागा. पुनर्वसनाच्या घराचं चटईक्षेत्र आधी २२५ चौरस फूट होतं, मग २६९ झालं आणि आता ३०० आहे. त्यात पाच-सहा माणसं, कपाट, शिलाई मशीन, मुलाचा अभ्यास. या घरांनी एलिप्टिकल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. घडी होणारी म्हणून जी विकतात त्यांची घडी दोन दिवस होते, तिसऱ्या दिवशी ते यंत्र भिंतीला टेकून उभं राहतं.

वजनाची काळजी मात्र लोक नको इतकी करतात. निवासी खोलीची जमीन भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार धरून आखलेली असते. पन्नास-साठ किलोचं यंत्र आणि त्यावर सत्तर-ऐंशी किलोचा माणूस, हे धडधाकट इमारतीला जड नाही. खाली जाड रबरी चटई घातली की झालं. अपवाद दोन. बंद करून घेतलेली गॅलरी आणि गळकी, सळया उघड्या पडलेली जुनी इमारत. तिथे यंत्र ठेवू नये. शेजाऱ्यांच्या दृष्टीने हे ट्रेडमिलपेक्षा पुष्कळ बरं. पाऊल आदळत नाही म्हणून खालच्या घरातलं झुंबर हलत नाही. ट्रेडमिलला मोटार लागते, याला नाही. घरगुती एलिप्टिकलपैकी बरीच पडद्यापुरत्या बॅटरीवर किंवा छोट्या अडॅप्टरवर चालतात.

माझ्या वहिनीसाठी आम्ही हे यंत्र घेतलं तेव्हाचं एक दृश्य डोळ्यांसमोर आहे. वहिनी अठ्ठावन्न वर्षांची, उंची पाच फूट, मधुमेह, उजवा गुडघा धरलेला. दुकानातला मुलगा माझ्या भावाला पडदा दाखवत होता. ब्लूटूथ, बारा कार्यक्रम, हृदयाचे ठोके, उष्मांक. वहिनी बाजूला उभी. मी म्हटलं, “दादा, चालणार या आहेत. यांना चढू दे.” तो म्हणाला, “या ना काकी, चपला काढून चढा.” वहिनीने पिशवीतून चालायचे बूट काढले. पहिल्या यंत्रावर ती तीन मिनिटांत थांबली. “गुडघा पोटाला लागतोय,” म्हणाली. टापू तेरा इंचांचा होता. दुसऱ्यावर पॅडल इतकं उंच, की चढताना तिला माझा खांदा धरावा लागला. तिसऱ्यावर ती चालू लागली आणि बोलायची थांबली नाही. किराणा, लेकीचं बाळंतपण, खालच्या मजल्यावरची गळती. मी मुद्दाम बोलू दिलं. पाय सोडून दिल्यावर चाक लगेच थांबतं की क्षणभर फिरत राहतं ते पाहायचं असतं. हे फिरत राहिलं. भावाला पडदा साधा वाटला. त्यावर वेळ, वेग आणि अंतर एवढंच होतं. आम्ही तेच घेतलं.

पडद्याविषयी थोडं बोलायलाच हवं, कारण किमतीचा फरक बहुतेक तिथेच असतो. उष्मांकाचा आकडा हा अंदाज असतो, आणि तो बऱ्याचदा फुगलेला असतो. वय, वजन न विचारता जे यंत्र ‘चारशे कॅलरी’ सांगतं ते कोणा सरासरी माणसाचा हिशेब तुम्हाला लावतं. हँडलवरच्या धातूच्या पट्ट्या नाडी मोजतात, पण हात ओले असले किंवा हलत असले की चुकतात. वयानुसार हृदयाचे कमाल ठोके काढायचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र सगळ्यांना पाठ आहे. २००१ मध्ये तानाका या संशोधकाने सुचवलेलं ‘२०८ वजा वयाच्या सात दशांश’ हे थोडं बरं. साठीच्या माणसाला पहिलं १६० सांगतं, दुसरं १६६. पण रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला दोन्ही निरुपयोगी, कारण ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही. त्यापेक्षा साधी कसोटी धरावी. व्यायाम करताना बोलता यावं, गाता येऊ नये. वहिनीच्या गप्पा मी ऐकत होते त्या याचसाठी.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. पाठ सरळ, टाचा पॅडलला टेकलेल्या, आणि हँडलवर रेलायचं नाही. रेललं की शरीराचं वजन हातावर जातं आणि पायांची मेहनत कमी होते. पाऊल पॅडलवरून उचललं जात नाही म्हणून काहींची बोटं बधिर होतात. बूट थोडे सैल बांधावे, मध्ये टाचेवर भार घ्यावा, पाच मिनिटांनी उलट दिशेने पाय मारावे. मधुमेह असलेल्यांनी तळपाय रोज पाहावे, फोड आला असेल तर तो बरा होईपर्यंत यंत्राला सुट्टी. छातीत दुखणं, चक्कर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टर आणि मग दुकान. घरात लहान मूल असेल तर यंत्र कोपऱ्यात, भिंतीशी हवं. बहुतेक एलिप्टिकलची पॅडल कुलूपबंद होत नाहीत, ढकललं की फिरतात, आणि दांडीच्या सांध्यात बोट सापडतं.

एकट्या या यंत्राने काम भागत नाही, हेही खरेदीच्या वेळीच मान्य करावं. आदळणं नाही हा गुडघ्याचा फायदा, पण हाडांना मजबूत राहायला थोडा धक्का आणि भार लागतो. स्नायूंना ताकद वेगळी कमवावी लागते. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं, आणि जमत असतील तर सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला, शाळांमधून ते सुरू केले, त्यामागे हाच विचार होता. सतरंजीएवढी जागा, खर्च शून्य. पासष्टीच्या पुढे तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यंत्रावर हँडल धरलेलं असतं, त्यामुळे तोल तिथे कमावला जात नाही.

आणि हवा. ट्रॉम्बे, माहूल, चेंबूर म्हटलं की ती येणारच. माहूल आणि आंबापाडा इथल्या रहिवाशांच्या आरोग्याला हवेमुळे धोका आहे असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये म्हटलं होतं. देवनारचा कचरा १९२७ पासून याच पट्ट्यात साठतो आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. बऱ्यापैकी व्यायाम करताना हाच आकडा चाळीस लिटरांच्या पुढे जातो. हवेत जे असेल ते त्याच पटीत आत जातं. घरात यंत्र घेतलं म्हणजे यातून सुटका झाली असं समजू नये. खिडकी लावली तरी बारीक कण आत येतात. हिवाळ्यात मुंबईची हवा पहाटे खालीच अडकून राहते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचचा हट्ट सोडावा, उन्हं चढल्यावर करावं. बाहेर चालणाऱ्याला ही सवड नसते, कारण ऊन चढलं की रस्ता तापतो आणि वाहनं वाढतात. घरच्या यंत्राचा हा एक खरा फायदा. दुसरा फायदा बायकांचा. रात्री साडेनऊला, भांडी आवरल्यावर, गाऊनवर वीस मिनिटं चालता येतं. त्या वेळी बाई शीव-ट्रॉम्बे रस्त्यावर चालायला जाणार नाही, आणि जा म्हणण्याचा मला धीर होणार नाही.

किमतीचं बोलायचं तर दहा-पंधरा हजारांत जे मिळतं ते हलकं, आखूड टापूचं. पंचवीस ते चाळीस हजारांत नीट पाहून घेतलं तर घरापुरतं चांगलं मिळतं. साठ हजारांपुढे बहुतेक पैसा पडद्याला आणि दिसण्याला जातो, काही यंत्रांत मात्र जड चाकाला आणि मजबूत सांध्यांनाही. जुनं घ्यायला हरकत नाही. उलट टाळेबंदीतली कितीतरी यंत्रं फारशी न वापरलेली आहेत. पण ट्रॉम्बेची हवा खारी. यंत्र आडवं करून खालचा सांगाडा पाहा, गंज पापुद्र्यांचा असेल तर सोडा. पॅडल हातात धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखड हलत असेल तर सांध्यातले बुश गेले आहेत. रुळावर चाकाने खाचा पाडल्या आहेत का ते बोट फिरवून बघा. आपल्या घरी आल्यावर घाम प्रत्येक वेळी पुसायचा, महिन्यातून एकदा पान्ह्याने बोल्ट आवळायचे, सांध्यांना ग्रीस द्यायचं. कुरकुर सुरू झाली की दुर्लक्ष करू नये. ती सैल बोल्टची असते तोवर दहा मिनिटांचं काम असतं.

नवीन घेताना वॉरंटीचा कागद वाचावा. सांगाड्याची, सुट्या भागांची आणि मजुरीची मुदत वेगवेगळी असते. जोडणीला माणूस कोण येणार, बुश आणि पट्टा पाच वर्षांनी मिळणार का, हे लिहून घ्यावं. आणखी एक. घरगुती यंत्र सोसायटीच्या व्यायामशाळेत ठेवलं तर वॉरंटी बहुधा रद्द होते.

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर जे मनात आहे ते सांगते. तीनशे चौरस फुटांच्या घरांच्या इमारतीत प्रत्येकाने यंत्र घेण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक व्यावसायिक दर्जाचं घ्यावं, सोसायटीच्या कार्यालयात ठेवावं, आणि दुपारचे दोन तास फक्त बायकांसाठी राखावेत. पालिकेच्या बागांत खुल्या व्यायामशाळा आहेत, निधी कोणाचा ते सांगणारे फलकही आहेत. त्यातलं दोन पायांनी झुलायचं जे यंत्र लोक एलिप्टिकल समजतात त्याला कसलाच विरोध नसतो, तो नुसता झोका आहे. सांधे मोकळे होतात, हृदयाला फार काम पडत नाही. आणि बेअरिंग गेलं की ते महिनोन् महिने तसंच राहतं. नवं यंत्र बसवण्याच्या निधीतला थोडा भाग दरवर्षी ग्रीस, बेअरिंग आणि रंग यांसाठी राखून ठेवा, असं आपल्या प्रभागातल्या लोकप्रतिनिधींना लेखी कळवायला हवं. ज्यांच्या घरात पाच फूट बाय दोन फूट निघत नाहीत, त्यांचा व्यायाम त्या बागेवरच अवलंबून आहे.

या दिवाळीत सवलतींच्या जाहिराती येतीलच. फोनवर बटण दाबून यंत्र मागवू नका. चेंबूरला जा, धोबी तलावाच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत जा, जिथे चढून पाहू देतात तिथे जा. जिच्यासाठी घेताय तिला सोबत न्या, तिचे बूट पिशवीत घ्या, टेप घ्या, आणि तिला दहा मिनिटं त्यावर चालू द्या. ती ‘नको’ म्हणाली तर ते यंत्र घेऊ नका.